मोटरहोम विकत घ्यायची की भाड्याने? आमच्या वहीतला हिशोब

माझ्या रिटायरमेंटचे पैसे खात्यात जमा झाले त्याच आठवड्यात यांनी हॉलमधलं टीपॉय भिंतीला लावलं, सोफा सरकवला आणि फरशीवर पिवळी चिकटपट्टी मारायला घेतली. सहा मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद. हॉल पुरला नाही म्हणून पट्टी पॅसेजमध्ये गेली. मग आत छोट्या चौकटी, हा बेड, हा ओटा, हे बाथरूम, इथे टेबल. "ये आत," म्हणाले, "ही आपली गाडी." मी आत जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्या मनात जे आलं ते मी त्या दिवशी बोललेच नाही.

मनात आलं होतं ते एवढंच, की या चौकटीत आपण वर्षातल्या किती रात्री झोपणार?

हे माझ्या दोन वर्षं आधी रिटायर झालेत. तेव्हापासून रोज मोटरहोमचे, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांचे व्हिडिओ, कुठल्या गाडीत काय, कुठली बॅटरी, कोण कुठे फिरतंय, सगळं पाठ. मी एकतीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली त्यामुळे माझा हात आधी वहीकडे जातो. त्यांचं म्हणणं घेऊन टाकू, आता नाही तर कधी. माझं म्हणणं आधी भाड्याने नेऊन बघू. आठ महिने चाललं आमचं हे, दोनदा चांगलं वाजलं सुद्धा, एकदा तर दोन दिवस अबोला होता. आता निर्णय झालाय आणि तो कसा झाला ते लिहून ठेवतेय, कारण ओळखीतली बरीच मंडळी याच विचारात आहेत आणि सगळे एकच प्रश्न विचारतात, गाडी केवढ्याला पडते आणि भाडं किती. माझ्या मते इथेच चुकतं. खरा प्रश्न रात्रींचा आहे.

हिशोब सांगते. नव्या गाडीची किंमत १०० धरा, चलन कुठलंही असो, म्हणजे ज्याला त्याला आपले आकडे घालता येतील. पाच वर्षांनी ती ६० ला विकली असं समजा, म्हणजे ४० गेले, वर्षाला ८. विमा, टॅक्स, वापरात नसताना उभी करायच्या जागेचं भाडं, सर्व्हिसिंग, टायरसाठी बाजूला काढून ठेवायचे, हे सगळं मिळून वर्षाला ५ धरा. आणि हेच पैसे ठेवीत असते तर जे व्याज आलं असतं ते गेलं, ते सुद्धा खर्चातच धरायचं, ४. झाले १७. आता भाडं. समजा भाड्याच्या ५०० रात्रींचे पैसे एकत्र केले तर नवी गाडी येते, म्हणजे रात्रीला ०.२. सतराला त्याने भागा, उत्तर ८५. वर्षाला ८५ रात्रींपेक्षा जास्त गाडीत झोपणार असाल तर विकत घेणं परवडतं, कमी झोपणार असाल तर भाडं. सीझन सोडून गेलात तर भाडं बरंच उतरतं आणि मग हाच आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. रिटायर झालेल्या माणसाला शाळेच्या सुट्ट्या बघायच्या नसतात त्यामुळे सीझन सोडून जाणं आपल्याला जमतंच, आणि ही गोष्ट लोक हिशोबात धरतच नाहीत.

सेकंडहँडचं वेगळं. ५५ ला घेतली, पाच वर्षांनी ४० ला गेली, तर घसारा, म्हणजे उतरलेली किंमत, वर्षाला फक्त ३. दुरुस्ती जास्त म्हणून देखभालीचे ६, व्याजाचे २, एकूण ११, आणि रात्री येतात ५५. हे आकडे मी समजा म्हणून घेतलेत, तुम्ही तुमच्याकडचं विम्याचं कोटेशन, पार्किंगचं भाडं, जुन्या गाड्यांच्या जाहिरातीतल्या किमती घालून परत काढा. पण पद्धत हीच ठेवा. डिझेल आणि कॅम्पसाईटचे, म्हणजे प्रवासात रात्री मुक्कामाच्या जागेचे पैसे दोन्हीकडे तेवढेच लागतात म्हणून ते धरायचेच नाहीत. आमच्या ह्यांच्या पहिल्या कागदावर डिझेल फक्त भाड्याच्या बाजूला होतं, मी ते खोडलं त्या दिवशी पहिलं भांडण झालं.

मग रात्री किती ते ठरवायचं होतं. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर आकडा लिहिला. त्यांचा १५०, माझा ६०. एवढा फरक बघून दोघंही गप्प झालो. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि महिन्या-महिन्याने बसलो. सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत, आमच्याकडे असतात, त्यांना सांभाळायला नणंद येऊन राहते पण ती तरी एका वेळी सहा आठवड्यांच्या वर कशी राहणार, तिचं घर आहे. लेकीला दिवस गेलेत, ते दोन-तीन महिने मी कुठेच जाणार नाही आणि मला जायचंही नाही. यांच्या डोळ्यांच्या तपासण्या दर तीन महिन्यांनी. हे सगळं पेनने भरल्यावर जे कोरं उरलं ते मोजलं, ६४ रात्री आल्या. त्याही सगळं सुरळीत झालं तर. यांनी परत मोजलं. ६४ च.

मला त्या क्षणी जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. त्यांचं दोन वर्षांचं स्वप्न कॅलेंडरच्या चौकोनांत बसत नव्हतं आणि ते माझ्यासमोर होत होतं. म्हणून मीच म्हटलं, आधी भाड्याने घेऊन बारा रात्री जाऊ, तुम्ही व्हिडिओत बघितलीय तशीच गाडी घेऊ, मग बोलू.

या बारा रात्रींनी जेवढं शिकवलं तेवढं दोन वर्षांच्या व्हिडिओंनी शिकवलं नाही, हे आता ते स्वतः सांगतात.

पहिलं म्हणजे बेड. जी गाडी त्यांना पसंत होती तिच्यात बेड मागच्या बाजूला आडवा होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. फोटोत फार छान दिसतो, खाली मोठी डिकी मिळते, गाडीची लांबी पण कमी राहते. पण अशा बेडवर एक जण खिडकीच्या बाजूला असतो आणि एक बाहेरच्या. आत मी. आमच्या वयात रात्री दोनदा तरी उठावं लागतं, मला बीपीच्या गोळीमुळे जरा जास्तच. पहिल्या रात्री मी त्यांच्या पायांवरून हळूच पलीकडे जायला गेले, त्यांचा उजवा गुडघा दुखरा आहे नेमका त्यावर माझा हात पडला, ते कळवळून उठले, उठताना डोकं वरच्या कपाटाला आपटलं. बेड जमिनीपासून जवळपास माझ्या कमरेएवढा उंच, उतरायला दोन अरुंद पायऱ्या, त्यातली वरची अंधारात सापडत नाही. दुसऱ्या रात्री आम्ही जागा बदलल्या, मग ते तीनदा उठले. तिसऱ्या रात्रीपासून मी पायरीवर मोबाईलचा टॉर्च उलटा ठेवून झोपायला लागले आणि हे पायांकडे उशी टाकून उलट्या दिशेने झोपायला लागले. बारा दिवस एकाही रात्री दोघांची सलग झोप झाली नाही. हे जर आम्ही विकत घेऊन बसलो असतो तर त्या बेडसकट ती गाडी पाच वर्षं आमच्या गळ्यात होती, आणि बेड काही बदलता येत नाही, अख्खी गाडी त्याच्याभोवती बांधलेली असते.

म्हणून साठीच्या पुढच्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, इंजिन नंतर बघा, बेड आधी बघा. दोन वेगळे सिंगल बेड, मध्ये चालायला जागा, किंवा तो बेटासारखा बेड ज्याच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं. शोरूममध्ये बूट काढून आडवे व्हा, डोळे मिटा, आणि न धडपडता बाथरूमपर्यंत जाता येतं का ते करून बघा. छतातून खाली येणारा बेड आणि त्याची शिडी नातवंडांना ठीक आहे.

दुसरं, टॉयलेट. याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून मी बोलते. युरोपियन पद्धतीच्या गाडीत टॉयलेटखाली कॅसेट असते, म्हणजे साधारण १७ ते २० लिटरची डब्यासारखी टाकी, ती बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची आणि ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. दोन माणसांना दोन, फार तर तीन दिवस पुरते. भरली की वीस किलो किंवा त्याहून जास्त. तिला चाकं आणि हँडल असतं पण कॅम्पसाईटवर खडी असेल तर चाकं काही कामाची नाहीत, उचलूनच न्यावी लागते, आणि रिकामी करताना ती खांद्याच्या खाली तिरकी धरून ओतावी लागते. यांनी ते सगळे दिवस काही न बोलता केलं. सहाव्या दिवशी मी मागून बघितलं, एका हाताने कंबर धरली होती. तेव्हापासून आम्ही ती दर दिवशी अर्धी असतानाच रिकामी करायला लागलो, मग मलाही उचलता यायला लागली. अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांत कॅसेटऐवजी गाडीखाली मोठी टाकी असते आणि पाईप लावून ती रिकामी होते, उचलायचं नसतं, पण मग गाडी पण तेवढी मोठी.

एक रात्र गारठ्याची गेली. पहाटे चारला हीटर टक टक करायला लागला आणि बंद पडला, पॅनेलवर लाल दिवा. सिलिंडर हलवून बघितला तर आत गॅस होता. नंतर कळलं की सिलिंडरमध्ये ब्युटेन होता, आणि ब्युटेन शून्य डिग्रीच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, प्रोपेनला तो त्रास नाही, तो उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो. थंडीत जायचं तर प्रोपेनच मागायचा, ही एक ओळ आम्हाला गाडी ताब्यात देताना कोणी सांगितली नाही. सकाळपर्यंत दोघं सगळे कपडे अंगावर घालून बसलो होतो. पण सूर्य वर आला तेव्हा समोरच्या काचेवरचं गोठलेलं दव एका बाजूने वितळायला लागलं, पाणी थेंबाथेंबाने खाली आलं आणि मागचा डोंगर हळूहळू दिसायला लागला, यांनी माझा हात हातात घेतला आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मला हे प्रवास हवे आहेत हे मला त्या सकाळी कळलं. तोपर्यंत मला वाटायचं की मी फक्त यांच्यासाठी येतेय.

बाकी गोष्टी पटकन सांगते. गाडीची उंची बघितली, २.९५ मीटर, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली, आणि तीन ठिकाणी ती कामाला आली, एक जुना पूल, एक पार्किंगची कमान, एक झाडाची फांदी. वळताना मागचा भाग बाहेर झुकतो याची सवय व्हायला चार दिवस लागले. रिव्हर्स घेताना मी मागे उभी राहून हात दाखवायचे, आधी ठरवून घ्यायचं की दोन्ही हात वर म्हणजे थांबा, आणि मी आरशात दिसत नसेन तर गाडी जागची हलवायचीच नाही. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी सपाट उभी लागते, म्हणून चाकाखाली द्यायचे ठोकळे आहेत का ते विचारून घ्या.

परत देताना मात्र मनस्ताप झाला. सकाळी दहाच्या आत द्यायची होती, आतून साफ करून, टाक्या रिकाम्या करून, म्हणजे शेवटचा दिवस त्यातच गेला आणि पहिला दिवस गाडी समजून घेण्यात गेला होता, बारा रात्रींचे पैसे भरून फिरायचे दिवस हातात दहाच. आणि त्यांच्या माणसाने शिडी लावली, वर चढला आणि छतावरच्या खिडकीच्या कडेला एक तडा दाखवला. आम्ही घेताना चारी बाजूंचे फोटो काढले होते, छताचा काढला नव्हता. तडा आधीचा होता की आमच्याकडून झाला ते मला आजही माहीत नाही, पण डिपॉझिटमधून मोठी रक्कम गेली, आणि विम्याच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की छत, काच, टायर आणि गाडीचा तळ विम्यात येत नाही. हे वाचून घेणं माझं काम होतं, अकाउंट्सच्या बाईने तरी वाचायला हवं होतं. आता माझ्या यादीत पहिलं, ताब्यात घेताना मोबाईल काठीला लावून छताचा व्हिडिओ. मग सगळे दिवे, नळ, हीटर त्यांच्यासमोर चालू करून बघायचे. दिवसाला किती किलोमीटर फुकट आहेत आणि पुढे काय दर आहे ते विचारायचं. आणि एक गोष्ट आपल्या वयाच्या लोकांनी नक्की विचारायची, ड्रायव्हरच्या वयाची वरची मर्यादा. काही कंपन्या सत्तर किंवा पंचाहत्तरच्या पुढे गाडी देत नाहीत.

हा मुद्दा ह्यांनी लगेच उचलला. म्हणाले, बघ, भाड्याच्या भरवशावर राहिलो तर एक दिवस कोणी देणारच नाही. बरोबर आहे त्यांचं. पण वयाची अट आपल्या स्वतःच्या गाडीलाही लागते. युरोपात बहुतेक देशांत साध्या कारच्या लायसन्सवर माणसं-सामानासकट ३५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, त्याच्या वर वेगळा वर्ग. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ च्या आधी परीक्षा पास झालेल्यांना ७५०० किलोपर्यंत परवानगी आहे, पण सत्तरीला लायसन्स रिन्यू करताना ती टिकवायची तर डॉक्टरांची तपासणी लागते. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी मोठी जड गाडी हौसेने घेतली आणि सत्तराव्या वर्षी डोळ्यांनी साथ दिली नाही तर ती दारात उभी. त्यापेक्षा ३५०० च्या आतली घ्यावी म्हटलं तर वजनाचा वेगळाच खेळ. समजा गाडी तयार अवस्थेत ३०५० किलो आहे, त्यात ड्रायव्हर ७५ किलोचा धरलेला असतो. उरले ४५०. दुसरं माणूस ६५. पाण्याची टाकी भरली की १०० लिटर म्हणजे १०० किलो. दोन इलेक्ट्रिक सायकली आणि त्यांचा रॅक ६० ते ७०. बाहेरची ताडपत्री, जास्तीची बॅटरी, सोलर पॅनेल, ही जी हौसेची यादी डीलर वाचून दाखवतो ती सगळी याच ४५० मधून जाते, आणि कपडे, भांडी, औषधं अजून आलीच नाहीत. भाड्याच्या गाडीत आम्ही एकदा वजनकाट्यावर जाऊन बघितलं, मर्यादेच्या फक्त ४० किलो खाली होतो आणि टाकी अर्धीच होती.

उभ्या गाडीबद्दल पण लिहायला हवं कारण हे कोणी सांगत नाही. आम्हाला वाटतं वापरली नाही म्हणजे नवी राहते. तसं नसतं. टायर न चालता म्हातारे होतात, बाजूला बारीक भेगा पडतात, म्हणून जुनी गाडी बघताना टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे, ३४१९ असेल तर २०१९ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातला टायर. वरची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सात-आठ वर्षांच्या टायरवर मी तरी तीन टन वजन घेऊन जाणार नाही. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरत राहिली की तिचं आयुष्य संपत जातं, १०० अँपिअर-अवरची असली तरी ५० च आपले. लिथियमची जास्त देते पण महाग. पाइपात पाणी राहिलं आणि गोठलं तर पाइप फुटतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओल. छताच्या जोडांतलं सीलंट वाळलं की पाणी भिंतीच्या आत झिरपतं, बाहेरून काही कळत नाही आणि आत लाकूड भुसभुशीत होतं. सेकंडहँड बघायला गेलात तर कपाटं उघडून कोपऱ्यात नाक घाला, खिडकीखालची भिंत अंगठ्याने दाबा, मऊ लागली की निघून या. ओलावा मोजायचं मीटर घेऊन येणारा माणूस मिळाला तर त्याला पैसे द्या, ते पैसे वाया जात नाहीत. वर परत ही गाडी म्हणजे दोन गोष्टी एकत्र आहेत. खालचं इंजिन-चासी फियाट डुकाटो, फोर्ड ट्रान्झिट किंवा मर्सिडीज स्प्रिंटरसारख्या मालवाहू व्हॅनचं असतं, ते दुरुस्त करणारा मिळतो, पण वरच्या घराला, म्हणजे पंप, हीटर, गॅसची लाईन, याला वेगळा माणूस लागतो आणि तो मिळेपर्यंत तुम्ही तिथेच.

आमच्या ओळखीत एक जोडपं आहे, आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठं. त्यांनी नवी घेतली होती. वहिनींनी पहिल्या दिवसापासून डायरी ठेवली, कुठे राहिलो, किती रात्री. मी ती डायरी मागून घेऊन वाचली. पहिल्या वर्षी ७१. दुसऱ्या वर्षी ३८, त्या वर्षी भाऊजींचा गुडघा बदलला. तिसऱ्या वर्षी १६. चौथ्या वर्षी विकली. मी विचारलं वाईट वाटतं का, तर वहिनी म्हणाल्या, "त्या ७१ रात्री मला परत कोणी दिल्या तर मी तेवढेच पैसे परत देईन." हे मी लिहितेय कारण माझा हिशोब वाचून असं वाटू नये की घेतली ते चुकले. काही लोकांना पहिलं एकच वर्ष पुरतं, आणि ते विकतच्या गाडीतलं असावं लागतं, त्याशिवाय ते निघतच नाहीत.

विकतच्या गाडीचं सुख खरंच वेगळं आहे, ते मला भाड्याच्या गाडीतच कळलं. आपली उशी, आपली पांघरुणं, औषधांचा डबा त्याच खणात, गुरुवारी मनात आलं आणि शुक्रवारी निघालो. भाड्याच्या गाडीत दर वेळी संसार बांधायचा आणि दर वेळी सोडायचा, चमचे मोजून परत द्यायचे. शिवाय कुठलं बटण कशाचं हे अंगवळणी पडेपर्यंत परत द्यायची वेळ येते. ज्यांना कॅलेंडरमध्ये शंभर कोऱ्या रात्री दिसतायत, घरी वाट बघणारं कोणी नाही, आणि तब्येत धड आहे, त्यांनी खुशाल घ्यावी, मी तर म्हणेन लवकर घ्यावी. पण घर विकून गाडीतच राहायला जाणारे असतात, त्यांना मात्र मी पहिल्या वर्षी तरी घर विकू नका असंच सांगेन, भाड्याने द्या हवं तर. आजारी पडल्यावर परत यायला एक दार हवं. आणि परदेशात जाऊन फिरणार असाल तर व्हिसाचे दिवस पण रात्रींमध्येच मोजा, युरोपातल्या शेंजेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, बाहेरच्या पासपोर्टवर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, गाडी तिकडे तुमच्या मालकीची असली तरी.

एक मधला रस्ता लेकीने शोधून दिला. सीझन संपताना भाड्याच्या कंपन्यांच्या गाड्या चुकीच्या गावी साठतात आणि त्यांना त्या परत न्यायच्या असतात, मग अगदी नाममात्र भाड्यात देतात, अट एवढीच की ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या जागी पोचवायची. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हे खूप चालतं, रीलोकेशन म्हणतात. नोकरीवाल्यांना ते जमत नाही, आपल्याला जमतं. आम्ही अजून केलेलं नाही पण यादीत आहे.

तर निर्णय. दोन वर्षं भाड्यानेच. दर वर्षी एक मोठी फेरी सहा आठवड्यांची, सीझन सोडून, कारण लांब मुदतीला दर पण कमी लागतो आणि खरं राहणं कसं असतं ते सहा आठवड्यांतच कळतं, बारा दिवसांत माणूस पाहुण्यासारखाच राहतो. आणि एखाद-दोन छोट्या फेऱ्या. प्रत्येक वेळी वेगळ्या बेडची गाडी. वहीत रात्री मोजायच्या, दोघांनी सही करायची. दोन्ही वर्षं ५५ च्या वर गेलो तर सेकंडहँड बघायला लागायचं, ३५०० किलोच्या आतली. नवीचा विषय ८५ च्या पुढेच. ही अट यांनी स्वतः लिहिली, त्यांच्या अक्षरात आहे. आणि मी त्याखाली माझी एक लिहिली, की ५५ झाल्या तर मी मागे हटणार नाही, पैसे माझ्या फंडातून.

फरशीवरची पट्टी अजून तशीच आहे. सासूबाई वॉकर घेऊन त्यावरूनच जातात आणि विचारतात, तुमची गाडी अजून निघाली नाही का. काल यांनी आडव्या बेडची चौकट खरवडून काढली आणि तिथे दोन लांबट बेड आखले, मध्ये पन्नास सेंटिमीटर रिकामे. रात्री दिवा बंद करून मी त्यामधून चालत गेले, हे बाथरूमच्या चौकटीत उभे होते. कुठेही पाय लागला नाही. बुकिंग झालंय, लेकीचं बाळंतपण आटोपून बाळ तीन महिन्यांचं झालं की निघायचं, ४२ रात्री, गाडीची उंची २.८८, ती मी आत्ताच कागदावर लिहून ठेवलीय.